‘सगळंच बंद आहे’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस

गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीतून एका विद्यार्थिनीचे मराठीत लिहिलेले दीर्घ पत्र आले आहे. तिची ओळख पटू नये म्हणून नाव वगळले आहे आणि काही तपशील बदलले आहेत. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूशी निगडित आणि शरीराच्या हालचालींवर परिणाम करणारे दिव्यांगत्व, आहे. दोन्ही पाय आणि उजवा हात ताठर असल्यामुळे ती कुबड्या घेऊन चालते व डाव्या हाताने लिहिते. तिची भावंडे कर्नाटकात आणि हिमाचलात निवासी तिबेटी शाळांत शिकली. तिला तेथे कोण सांभाळणार, या प्रश्नापायी ती घरीच राहिली आणि मराठी माध्यमातून बारावी कला शाखा ५८ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. घरचे लोक दिवाळीच्या सुमारास स्वेटर विकायला नागपूरला जातात आणि थंडी सरल्यावर परततात. तोवर घरात ती आणि तिची आजी अशा दोघीच असतात. तिने लिहिले आहे : “आम्ही निर्वासित, म्हणून सरकारी नोकरी बंद. मी दिव्यांग, म्हणून स्वेटरच्या दुकानात दिवसभर उभं राहणं बंद. दादा म्हणतो, आशा सोडू नको. पण सगळंच बंद आहे, तर आशा नेमकी कशाची ठेवायची?”

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दादाने काळजीपोटी म्हटले ते खरेच, पण तुझा प्रश्न त्याच्या सल्ल्यापेक्षा नेमका आहे. आशा कशाची ठेवायची हे ठरल्याशिवाय ती टिकत नाही आणि नुसते ‘धीर धर’ म्हणणाऱ्या माणसाकडे त्याचे उत्तर सहसा नसते. म्हणून मी आधी तुझे ‘सगळंच बंद आहे’ हे वाक्य तपासायला घेते. त्यात निरनिराळ्या प्रकारच्या अडचणी एकत्र मिसळल्या आहेत. काही वाटा कायद्यानेच अडवल्या आहेत, काही कोणीतरी एक साधा अर्ज न केल्यामुळे अडल्या आहेत, आणि काहींची तर कोणी चौकशीच केलेली नाही. या सगळ्यांवर एकच कुलूप आहे असे समजून तू खचली आहेस.

सुरुवात तुझ्या बारावीच्या गुणांपासून करते, कारण त्याबद्दल तू जे लिहिले आहेस त्याचे महत्त्व तुझ्या लक्षात आलेले दिसत नाही. तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहावे तसे, तू लिहिले आहेस की इतिहास आणि राज्यशास्त्राच्या पेपरांत शेवटचा मोठा प्रश्न दरवेळी कोरा राहिला, कारण दोन तासांनंतर हात आखडतो आणि पेन बोटांतून निसटते. पुढे तू लिहितेस, “माझीच गती कमी.” दिव्यांग उमेदवारांच्या लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा देण्याची तरतूद आहे. आपले राज्य मंडळही दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळेची आणि लेखनिकाची सवलत देते. मात्र त्यासाठी शाळेने किंवा कनिष्ठ महाविद्यालयाने वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो. तुझ्या बाबतीत तो कोणी पाठवला नाही. त्यामुळे तुझे ५८ टक्के हे, पेपराचा बराच भाग हातही न लावता सोडून दिलेल्या मुलीचे ५८ टक्के आहेत. मी ते तसेच वाचते, आणि पदवीच्या पहिल्या परीक्षेपूर्वी जादा वेळेचा अर्ज करशील तेव्हा तुलाही ते तसेच वाचता येतील.

या सवलतीसाठी, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीसाठी, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, लागेल. तुझ्याकडे यांपैकी काहीच नाही, कारण “ते भारतीयांना मिळतं” असे कोणीतरी घरी सांगितले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील व्याख्या मी पुन्हा काढून वाचली. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनविषयक कमतरता असलेली आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे समाजात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता न येणारी ‘व्यक्ती’, अशी ती व्याख्या आहे. तिच्यात नागरिकत्वाची अट नाही. त्या कायद्याच्या यादीत २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि सेरेब्रल पाल्सीचा त्यांत स्वतंत्र उल्लेख आहे. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो व त्याला आधार क्रमांक लागतो. आधार हे रहिवासाशी जोडलेले आहे, नागरिकत्वाशी नाही. तुझ्याकडे ते आहेच. अर्ज भरून झाला की गोंदियाच्या शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी बोलावतील. प्रमाण ४० टक्के किंवा अधिक ठरले, तर कायद्याच्या भाषेत तुझे दिव्यांगत्व ‘लक्षणीय’ गणले जाते आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागांचा विचार करता येतो. एसटीच्या प्रवासात सवलत मिळेल, ती निराळीच. खिडकीवरचा कर्मचारी तुझी आरसी, म्हणजे तिबेटी निर्वासितांना मिळणारे नोंदणी प्रमाणपत्र, पाहून गोंधळण्याची शक्यता मी नाकारत नाही. अशा वेळी वाद न घालता, अर्ज नाकारण्याचे कारण लेखी मागावे. ‘नाही’ म्हणणे सोपे असते, पण ते सहीनिशी लिहून देण्याची वेळ आली की पुष्कळदा फाइल पुन्हा उघडली जाते.

आता कायद्याने खरोखर अडवलेली वाट. केंद्र सरकारच्या अनेक भरती नियमांत ‘१ जानेवारी १९६२ पूर्वी कायम वास्तव्याच्या हेतूने भारतात आलेला तिबेटी निर्वासित’ पात्र मानलेला आहे. तुझ्या आजोबांच्या पिढीसाठी लिहिलेले ते कलम आहे. तुझा जन्म २००६ मध्ये येथेच झाला, त्यामुळे ते तुझ्या उपयोगाचे नाही. केवळ आरसीच्या बळावर सरकारी नोकरीची वाट पाहत स्पर्धा परीक्षेच्या क्लासला पैसे भरणे शहाणपणाचे होणार नाही, हे मी तुला स्पष्टच सांगते.

मात्र तुझ्या पत्रातच आणखी एक माहिती आहे आणि घरात तिची चर्चा झालेली दिसत नाही. तुझे वडील १९७९ मध्ये वसाहतीतच जन्मले आणि आई १९८३ मध्ये मैनपाटच्या तिबेटी वसाहतीत, जी तेव्हा मध्य प्रदेशात होती. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारताची नागरिक ठरते; आईवडील कोण होते, याचा त्या कालखंडापुरता प्रश्न येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात आणि पुन्हा २०१६ मध्ये हे तत्त्व तिबेटी अर्जदारांना लागू केले. डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी कायदा बराच कडक झाला आहे, परंतु ज्यांचे आईवडील दोघेही नागरिक आहेत त्यांना तो अडवत नाही. म्हणजे तुझ्या आईवडिलांचे भारतातील जन्म कागदोपत्री सिद्ध झाले, तर तुझ्या नागरिकत्वाच्या दाव्यालाही आधार मिळतो.

हे वाचून घरात लगेच आनंदीआनंद होऊ नये, म्हणून दुसरी बाजूही सांगते. २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशा तिबेटी अर्जदारांना पासपोर्ट देताना काही अटी घातल्या. आरसी व प्रवासासाठीचे ओळखपत्र परत करणे, निर्वासित वसाहतीत न राहणे आणि निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडणे, अशा स्वरूपाच्या त्या अटी होत्या. तुझे घर, आजी आणि शेजारी ज्या वसाहतीत आहेत, तीच सोडण्याचा प्रश्न त्यातून उभा राहतो. चालत्याफिरत्या भावापेक्षा तुझ्यासाठी त्या घराची किंमत मोठी आहे. शिवाय तिबेटी म्हणून निर्वासित राहणे हा तुमच्या ज्येष्ठांसाठी केवळ कागदाचा विषय नाही, हे मी जाणते आणि त्यात बाहेरून मत देण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. एवढेच सुचवते की या अटींची सद्यःस्थिती नागरिकत्वविषयक काम करणाऱ्या वकिलाकडून समजून घ्यावी, आणि निर्णय काहीही होवो, आईवडिलांच्या जन्माच्या नोंदी आत्ताच शोधाव्यात. त्या काळी वसाहतीतले जन्म घरीच होत आणि नोंदी राहून जात. उशिरा नोंदणी करण्याची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणि जुने पुरावे लागतात. लसीकरणाचे कार्ड, शाळेचा दाखला, वसाहतीच्या कार्यालयातील जुने रजिस्टर, जे मिळेल त्याच्या प्रती करून ठेव. ज्यांना त्या जन्मांची साक्ष देता येईल ती माणसे आज हयात आहेत.

खासगी क्षेत्र, स्वयंसेवी संस्था, तिबेटी संस्था आणि स्वतंत्र व्यवसाय या वाटांवर कायद्याचा असा अडसर नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात आरसीधारकांना व्यवसाय परवाने द्यावेत, ज्या क्षेत्रात पात्रता असेल त्यात नोकरी करू द्यावी आणि कल्याणकारी योजनांचा लाभ द्यावा, असे राज्यांना सुचवलेले आहे. या धोरणाची प्रत सेटलमेंट ऑफिसरांकडे, म्हणजे वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या तिबेटी अधिकाऱ्यांकडे, मिळेल. ती जवळ बाळग, कारण तालुक्याच्या कार्यालयात हे धोरण माहीत असलेला माणूस भेटेलच असे नाही.

आता तू काय शिकावेस, याबद्दल. तू चार पर्याय लिहिले आहेस आणि चारही दुसऱ्यांनी सुचवलेले आहेत. तुला स्वतःला काय जमते ते मात्र तू तक्रार म्हणून लिहिले आहेस : “कॅम्पातले सगळे ग्रामपंचायतीचे, रेशनचे, बँकेचे फॉर्म माझ्याकडेच आणतात. मागच्या महिन्यात एका आजोबांची पेन्शन केवायसीसाठी अडकली होती, तर मी तीनदा बँकेला अर्ज लिहिला. शेवटी मॅनेजरने फोनवर विचारलं की हा अर्ज कोणी लिहिला?” तो अर्ज त्याने आधी वाचला असला पाहिजे, एरवी बँकेचा मॅनेजर असे विचारण्यासाठी फोन करत नाही. भावंडांसारखे तुला बाहेर पाठवले नाही याचे दुःख तुझ्या पत्रभर आहे आणि ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यातूनच तुझ्या वसाहतीतल्या थोड्यांकडे असेल अशी एक गोष्ट तुझ्याकडे आली आहे : घरची तिबेटी, बाजारातली हिंदी आणि सरकारी कागद पेलणारी मराठी. तुझे पत्र चारही पाने मी वाचले. शुद्धलेखनाच्या चुका शोधाव्या लागल्या.

म्हणून माझा पहिला कौल समाजकार्याच्या पदवीला, म्हणजे बी.एस.डब्ल्यू.ला आहे आणि ती नागपुरात करावी असे मला वाटते. योजना, कागदपत्रे, रुग्णालये, पुनर्वसन यांत माणसाला हात धरून वाट दाखवणे हेच त्या शिक्षणाचे काम आहे आणि तू ते आजही विनामूल्य करत आहेस. या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य असते, म्हणजे वस्त्यांत आणि संस्थांत जावे लागते. त्यामुळे प्रवेशापूर्वीच विभागप्रमुखांना भेटून तुझ्यासाठी रुग्णालय किंवा समुपदेशन केंद्रासारखी एका जागेची नेमणूक मिळेल का, हे विचारून घ्यावे. पुढे एम.एस.डब्ल्यू.मध्ये वैद्यकीय समाजकार्याकडे वळता येते. विशेष शिक्षक किंवा पुनर्वसन समुपदेशक होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले अभ्यासक्रमही आहेत. मात्र केवळ दिव्यांग आहेस म्हणून दिव्यांगांसाठीच काम केले पाहिजे, असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नकोस. तुला ते आवडले तरच कर.

दुसरा पर्याय हिशेबाचा, आणि तो तुमच्याच दुकानातला आहे. लुधियानाहून उधारीवर माल येतो, हंगाम संपल्यावर उरलेला परत जातो किंवा पडून राहतो, जीएसटीची विवरणे भरावी लागतात आणि हे सारे बहुतेक घरांत वहीच्या मागच्या पानावर चालते. दुकानात दहा तास उभे राहणे तुला जमणार नाही. पण टॅली शिकलेली, जीएसटी समजणारी आणि तिबेटी बोलणारी व्यक्ती वीसपंचवीस दुकानांचे हिशेब बसून सांभाळू शकते. पदवीबरोबर काही महिन्यांचा हा अभ्यासक्रम केलास, तर शिकत असतानाच थोडी कमाई सुरू होईल. ग्रंथालयशास्त्राचा तू उल्लेख केलास, तो विषय चांगला आहे, पण धरमशालेतील तिबेटी ग्रंथालयात नोकरी हा त्यामागचा हेतू असेल तर तिथले चढउतार आणि पायऱ्या एकदा जाऊन पाहिल्याशिवाय ठरवू नकोस.

घरी बसून मुक्त विद्यापीठातून बी.ए. करावे, हा तुझ्या आईचा आग्रह मला समजतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी पूर्णपणे मान्यताप्राप्त आहे आणि दुसरा मार्गच नसेल तर तो घ्यावा. पण तुझ्या पत्रात अभ्यासापेक्षा एकटेपण अधिक आहे, आणि त्या चार खोल्यांत आणखी तीन वर्षे काढणे तुझ्या हिताचे नाही, असे मला वाटते. नागपूरला तुझे घरचे लोक हिवाळाभर असतातच. तळमजल्यावर खोली देणारे वसतिगृह पाहावे. बंगळूरजवळ दलाई लामा उच्च शिक्षण संस्था निवासी आहे, तीही विचारात घेता येईल. तेथील स्नानगृहे आणि वर्गखोल्यांपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे आधी फोनवर विचारून घे आणि शक्य तर छायाचित्रे मागव. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेशासाठी आणि राज्याच्या शिष्यवृत्त्यांसाठी ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास’ प्रमाणपत्र मागतात आणि ते तुला सध्या मिळणार नाही. म्हणून पैशांसाठी केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या, म्हणजे निर्वासित तिबेटींच्या धरमशालेतील प्रशासनाच्या, शिक्षण विभागाच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी सेटलमेंट ऑफिसमार्फत करावी. तेथे दिव्यांगत्वाचा उल्लेख अर्जात ठळकपणे कर, शेवटच्या ओळीत नको.

दादा तुला मोबाइलवर प्रेरणादायी चित्रफिती पाठवतो आणि त्या पाहून तुला अधिकच वाईट वाटते, असे तू लिहिले आहेस. त्यांत झाकिया खुदादादीचे नाव आहे. एका हाताची वाढ जन्मतः अपुरी असलेली ही अफगाण तरुणी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तायक्वांदोत कांस्यपदक जिंकली आणि निर्वासितांच्या संघाला पॅरालिम्पिकमधले ते पहिले पदक मिळाले. चित्रफितीत लाथा आणि पदक दिसते. २०२१ मध्ये तिला काबूलमधून बाहेर काढणारे लोक, फ्रान्समध्ये मिळालेला आश्रय, प्रशिक्षक, रोजचा सराव, हे दिसत नाही. त्यामुळे तुला वाटते की तिच्यात काहीतरी आहे जे तुझ्यात नाही.

मी तुला नुजीन मुस्तफाबद्दल वाचायला सांगेन, कारण तिलाही सेरेब्रल पाल्सी आहे. ही सीरियातली कुर्द मुलगी अलेप्पोत पाचव्या मजल्यावर राहत होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून ती शाळेत गेलीच नाही. इंग्रजी ती दूरचित्रवाणी पाहून शिकली. २०१५ मध्ये, सोळाव्या वर्षी, व्हीलचेअरवर बसून ती तुर्कस्तान, ग्रीस असे देश ओलांडत जर्मनीला पोहोचली. खुर्ची ढकलायला तिची बहीण होती. जर्मनीत ती पहिल्यांदा नियमित शाळेत गेली आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर युद्धातील दिव्यांगांची स्थिती मांडायला उभी राहिली, म्हणजे खुर्चीत बसूनच बोलली. तिची बुद्धी अलेप्पोत होती तीच जर्मनीत होती. फरक पडला तो शाळेत पोहोचता आल्यामुळे आणि सोबत बहीण असल्यामुळे. तुझ्या बाबतीत ती लिफ्ट म्हणजे जादा वेळेचा अर्ज आहे, यूडीआयडी कार्ड आहे, तळमजल्यावरची खोली आहे. या गोष्टी मागणे म्हणजे दयेची याचना करणे नव्हे, हे तुझ्या वडिलांनाही एकदा सांग; सवलत मागायला त्यांना संकोच वाटतो, असे तुझ्या पत्रावरून दिसते.

नोव्हेंबर ते जानेवारीच्या रात्री सर्वांत कठीण जातात, असे तू लिहिले आहेस, आणि “झोपले तर उठूच नये असं वाटतं” हे वाक्यही. हे मी करिअरच्या प्रश्नाखाली दबू देणार नाही. असे वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन कर. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येते. दादाला हे वाक्य जसेच्या तसे सांग. चित्रफितींऐवजी त्याने आठवड्यातून ठरलेल्या वारी फोन केला तर अधिक उपयोग होईल, हेही त्याला माझ्या नावाने सांगायला हरकत नाही.

प्रवेशाचे दिवस जवळ आहेत, म्हणून कामांचा क्रम असा ठेव. या आठवड्यात यूडीआयडीचा अर्ज भर आणि पोचपावती जपून ठेव. कार्ड यायला वेळ लागला तर प्रवेशाच्या वेळी पावती चालेल का, हे महाविद्यालयाला विचारून ठेव. त्यानंतर नागपूरच्या महाविद्यालयांना फोन करून बी.एस.डब्ल्यू.च्या प्रवेशाला आरसी आणि आधार चालतात का, ते विचार आणि उत्तर देणाऱ्याचे नाव लिहून घे. अर्जुनीहून रेल्वेने गोंदियाला तपासणीसाठी जाशील तेव्हा आई किंवा शेजारचे कोणी बरोबर असू दे. त्याच फेरीत आरसीच्या नूतनीकरणाची तारीखही पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारून घे, कारण प्रवेशाच्या ऐन वेळी मुदत संपलेली आरसी हाती असणे परवडणार नाही. महाविद्यालयांची उत्तरे आली की मला कळव, आणि सोबत बँकेला लिहिलेल्या त्या तिसऱ्या अर्जाची प्रत पाठव. प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवण्यासारखा तो कागद आहे.

तुझी,
करिअर समुपदेशक